पाठीराखा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, फार तर एखादी प्रवासवर्णनाची संध्याकाळ, असा आपला परिपाठ. त्यात फुटबॉल कोठून आला? आणि आलाच, तर पेले किंवा मॅराडोना असे जगाला ठाऊक असलेले नाव सोडून डेरिक परेरा हे नाव कोठून आले? हे गृहस्थ गोव्याचे. तारुण्य त्यांनी बचाव फळीत खेळून घालविले आणि पुढचे आयुष्य इतरांना खेळ शिकविण्यात वेचले. त्यांच्या नावावर गोलांच्या राशी नाहीत. तरीही महाराष्ट्रातील एका संघाला साऱ्या देशाचे साखळी-विजेतेपद मिळाले, त्या वेळी त्या संघाचे प्रशिक्षक हेच होते. आपण महाराष्ट्रीयांनी त्यांची ओळख ठेवावी, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. नागपूरपासून हाकेच्या अंतरावर कामठी आहे, आणि कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव फुटबॉलच्या शौकिनांना सांगावे लागत नाही. खेळणारी मुले या भागात नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. नाही ते दुसरेच काही. ते काय, हे परेरांच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कोणत्या चरित्रातून क्वचितच दिसेल.

प्रथम बचावपटू म्हणजे काय ते पाहू. आपल्या विदर्भात पीक उभे राहिले की शेतकरी रात्री जागलीला जातो. मचाणावर बसतो, हाकारे घालतो, शेकोटी पेटती ठेवतो. सकाळी तो घरी येतो तेव्हा त्याने काय केले हे दाखविण्यासारखे त्याच्या हातात काहीच नसते. रानडुकरांनी जे पीक खाल्ले नाही त्याचे मोजमाप कोण करणार? एखाद्या रात्री डोळा लागला आणि शेत उद्ध्वस्त झाले, तर मात्र सारा गाव त्याला बोल लावतो. बचावपटूचे नेमके असेच आहे. नव्वद मिनिटे त्याने प्रतिपक्षाच्या खेळाडूला वाट दिली नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचे नाव नसते. एका क्षणी पाय घसरला, तर ते मथळ्यात येते.

पुन्हा हे काम नुसते धिप्पाडपणाचे नव्हे. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्याकडे सर्वांचेच लक्ष असते. चांगला बचावपटू चेंडू नसलेल्या माणसाकडे पाहतो, कारण संकट तेथून येणार असते. आपला साथीदार पुढे धावला तर त्याची मोकळी झालेली जागा कोण भरणार, हे त्याला आधी ठरवावे लागते. शेजारच्याला हाक मारून सावध करावे लागते. आणि पुढे झेपावण्याचा मोह आवरून योग्य क्षणापर्यंत उभे राहावे लागते. हा शेवटचा गुण फार कठीण आहे.

अशा कामासाठी घडलेला हा माणूस जन्मला १९६२ साली. गोवा पोर्तुगीज सत्तेतून तेव्हा नुकताच मुक्त झाला होता. सत्ता गेली, पण फुटबॉल राहिला. चर्चच्या पुढ्यातली पटांगणे आणि पीक निघाल्यावर रिकामी पडलेली भातखाचरे ही तेथील मुलांची मैदाने. गावागावांत संघ आणि त्यांच्या अटीतटीच्या लढती. या हौसेला पैशाचे बळ दिले ते खाण आणि व्यापार करणाऱ्या घराण्यांनी. धेंपो आणि साळगावकर ही नावे म्हणूनच उद्योगाइतकीच फुटबॉललाही चिकटलेली आहेत.

परेरा साळगावकर संघाकडून खेळले, गोव्याकडून खेळले आणि भारताकडूनही खेळले. त्या काळी भारतीय फुटबॉलची राजधानी कलकत्ता होती. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महमेडन स्पोर्टिंग हे तीन संघ बहुतेक करंडक आपसांत वाटून घेत. १९७७ साली सुरू झालेल्या फेडरेशन करंडकापर्यंत गोव्याचा एकही क्लब दहा वर्षे पोहोचू शकला नव्हता. १९८८ साली साळगावकरने तो जिंकला आणि लगेच १९८९ साली पुन्हा जिंकला. एकदा जिंकणे दैवावर घालता येते. दुसऱ्यांदा जिंकल्यावर प्रतिपक्षाला मान तुकवावी लागते. त्या संघाच्या बचावाचा भार वाहणाऱ्यांत परेरा होते.

याच सुमारास बचावपटूंच्या पायाखालची जमीन सरकली, हेही सांगितले पाहिजे. १९९० साली ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी चढाई करणारा खेळाडू प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीच्या रेषेत असेल, तर तोपर्यंत तो दोषी धरला जाई. आता तो निर्दोष ठरला. १९९२ साली दुसरा बदल झाला. आपल्याच साथीदाराने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने धरू नये, असे ठरले. तोवर अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे ढकलून मोकळा होत असे. ही पळवाट बंद झाली. आता बचावपटूलाही चेंडू पायाने खेळविता आला पाहिजे, गर्दीतून वाट काढता आली पाहिजे. परेरांच्या पिढीने खेळ शिकला एका नियमाने आणि पुढे शिकविला दुसऱ्या नियमाने. स्वतः जे शिकलो तेच घोकून घेणारा शिक्षक अशा वेळी निरुपयोगी ठरतो. शिकलेले काही विसरावे लागते, आणि मग शिष्यापुढे उभे राहावे लागते.

येथे एक प्रश्न सहज सुचतो. भारतीय फुटबॉलमध्ये बचाव फळीतून प्रशिक्षक निघाल्याची उदाहरणे इतकी का आढळतात? १९६२ सालीच, परेरांच्या जन्मवर्षी, जकार्ता येथे भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्या संघातील जर्नेल सिंग आणि अरुण घोष हे दोघेही बचावपटू, आणि दोघेही पुढे प्रशिक्षणाकडे वळले. जर्नेल सिंगांची गोष्ट तर सांगण्याजोगी आहे. डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. म्हणून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना अंतिम सामन्यात चक्क आघाडीला खेळविले, आणि त्यांनी दक्षिण कोरियावर गोल केला. हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन हेही बचावपटू. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७० साली बँकॉकला आशियाई कांस्यपदक मिळविले, आणि १९९० साली प्रशिक्षक म्हणून त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला.

याचे कारण मला असे वाटते. आघाडीचा खेळाडू खेळतो तेव्हा त्याचे सात-आठ साथीदार त्याच्या पाठीमागे असतात, तो त्यांना पाहत नाही. पाठीराखा मागे उभा असतो, म्हणून त्याला सगळे मैदान समोर मांडलेले दिसते. कोण दमला, कोण जागा सोडून भरकटला, कोठे फट पडली, हे वर्षानुवर्षे पाहण्याची त्याला सवय होते. मैदानाबाहेर बाकावर बसून प्रशिक्षकाला तेच करायचे असते. फरक इतकाच की आता त्याला स्वतः धावता येत नाही. आपले डोळे दुसऱ्यांच्या पायांना द्यावे लागतात.

आता महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईच्या कूपरेज मैदानाचा फुटबॉलशी जुना संबंध आहे. रोव्हर्स करंडकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली ती मुंबईतच. पुढे कापड गिरण्या, रेल्वे, बँका, विमान कंपनी, मोटारींचे कारखाने यांनी आपापले संघ बाळगले. त्यांपैकी महिंद्र कंपनीचा संघ १९६२ सालचा, म्हणजे परेरांच्याच वयाचा. महिंद्र युनायटेड या नावाने तो देशभर खेळू लागला आणि त्याचे प्रशिक्षकपद परेरांकडे आले.

२००५ साली या संघाने फेडरेशन करंडक जिंकला. त्याच हंगामात, म्हणजे २००५-०६ मध्ये, त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. आपल्यापैकी जे या खेळाचे नित्याचे प्रेक्षक नाहीत त्यांच्यासाठी या दोहोंतला फरक सांगतो. बाद पद्धतीची स्पर्धा लग्नघरासारखी असते. चार दिवस धावपळ केली, सगळे जमून आले की कार्य पार पडते. साखळी स्पर्धा म्हणजे शेतीचे वर्ष. प्रत्येक संघाशी त्याच्या अंगणात आणि आपल्या अंगणात लढायचे. कधी कलकत्त्याच्या लाखभर प्रेक्षकांसमोर, कधी पंजाबच्या थंडीत, कधी गोव्याच्या दमट हवेत. कोणाचा गुडघा दुखावतो, कोणाला ताप येतो, कोणाचा खेळच काही दिवस हरवतो. एका चमकदार दिवसाने तेथे भागत नाही. वाईट दिवशी हरायचे नाही, एवढे ज्याला साधते तो वर्षाच्या शेवटी वर असतो. बचाव फळीत वाढलेल्या माणसाचा हा खास प्रांत.

१९९६ साली सुरू झालेली ही लीग तोवर पंजाबने, बंगालने आणि गोव्याने जिंकली होती. महाराष्ट्रातील संघाने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. ईस्ट बंगाल दुसरा आणि मोहन बागान तिसरा, हे सांगितले म्हणजे त्या यशाची किंमत कळेल. २००७ साली हाच संघ आशियाई महासंघाच्या करंडकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. नंतर मुंबईच्या संघाला देशाचे साखळी-विजेतेपद पुन्हा पाहण्यासाठी २०२०-२१ च्या हंगामापर्यंत वाट पाहावी लागली.

२००९ साली परेरा पुण्यास गेले. पुणे फुटबॉल क्लब २००७ साली निघालेला, आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेच्या वरच्या वर्गात नुकताच चढलेला. असा नवागत पहिल्या वर्षी तग धरून राहिला तरी लोक शाबासकी देतात. पुण्याचा संघ २००९-१० मध्ये पहिल्याच वर्षी तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो दुसरा आला. त्याच्या पुढे होता फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पुणेकर फुटबॉल पाहायला जाऊ लागले. क्लबने तरुण मुलांसाठी प्रबोधिनी चालविली, तिच्यातून खेळाडू वर येऊ लागले.

मंडळी, येथवरची कथा यशाची आहे. आता जे सांगायचे आहे ते मुख्यतः पुढचे आहे.

महिंद्र युनायटेड २०१० साली विसर्जित झाला. राष्ट्रीय विजेतेपदाला तेव्हा चारच वर्षे झाली होती. एअर इंडियाचा संघ २०१३ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये राहिला नाही. पुणे फुटबॉल क्लब २०१४-१५ चा हंगाम खेळला आणि थांबला. पुण्यातलाच डी.एस.के. शिवाजीयन्स २०१७ साली बाहेर पडला. त्याच वर्षी मुंबई एफ.सी.चाही खेळ संपला. इंडियन सुपर लीगसाठी २०१४ साली निघालेला पुणे सिटी २०१९ साली बंद झाला. नऊ वर्षांत महाराष्ट्राच्या फुटबॉलमधील इतके दिवे एकामागून एक मालवले. गोव्यातही वेगळे घडले नाही. २०१३ साली परेरा आपल्या मूळच्या साळगावकर संघाकडे प्रशिक्षक म्हणून परतले होते. महासंघाच्या नव्या योजनेचा निषेध म्हणून साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ २०१६ साली आय-लीगमधून निघून गेले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. या प्रशिक्षकाने महाराष्ट्रात ज्या दोन संघांना देशाच्या पहिल्या रांगेत नेले ते दोन्ही आज अस्तित्वात नाहीत. ज्या संघात तो स्वतः घडला त्यानेही राष्ट्रीय स्पर्धेकडे पाठ फिरविली. यांपैकी कोणताही संघ मैदानावर हरून संपला नाही. मालकांनी हिशेब मांडला आणि वही मिटली. कारखानदारांना मी दोष देत नाही. पन्नास-पन्नास वर्षे त्यांनी पदरमोड केली हेही थोडे नाही. पण धनिकाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट आणि गावाची गोष्ट यांत फरक असतो. हे सभागृह, ही व्याख्यानमाला कोणा एकाच्या खिशावर चालत असती, तर आपण इतक्या वर्षांनी येथे जमलो असतो काय?

परेरांना पुढेही काम मिळत गेले. २०१७ मध्ये अडचणीत सापडलेल्या चर्चिल ब्रदर्सने हंगामाच्या मध्यावर त्यांना बोलाविले. देशाच्या तेवीस वर्षांखालील संघाची धुराही त्यांच्यावर आली. २०१९ सालच्या आशियाई पात्रता स्पर्धेत तो संघ पुढे जाऊ शकला नाही. एफ.सी. गोवा या क्लबातही त्यांनी तांत्रिक संचालकाचे काम पाहिले, म्हणजे पुन्हा पडद्यामागचे. डिसेंबर २०२१ मध्ये त्या क्लबाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांदो हंगाम अर्ध्यावर टाकून दुसऱ्या क्लबाकडे गेले, तेव्हा मुख्य प्रशिक्षकाची जागा परेरांना देण्यात आली. त्या वर्षी अकरा संघांत गोवा नववा आला. हे अपयश लपविण्याचे कारण नाही. मात्र ज्याला भरल्या घराची किल्ली मिळते आणि ज्याला गळके छप्पर धरायला बोलावतात, त्यांचे मूल्यमापन एकाच तराजूत करू नये.

इंडियन सुपर लीगमध्ये बरीच वर्षे मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि त्याचा सहायक भारतीय, असाच शिरस्ता होता. परदेशी माणसाकडून शिकू नये असे मी म्हणणार नाही. परंतु तो दोन हंगामांसाठी येतो, आणि आपल्या मुलांच्या भाषा, त्यांची घरे, त्यांच्या अडचणी त्याला कळू लागतात तोच त्याच्या परतीचे तिकीट निघते. ज्याला हे सारे आधीपासून ठाऊक आहे तो मात्र दुसऱ्या खुर्चीत बसून राहतो. ही स्थिती अलीकडे थोडी बदलली. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. २०१२ नंतर या जागेवर आलेले ते पहिलेच भारतीय. हे खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर वाढलेले आणि महिंद्र युनायटेडकडून खेळलेले. संघ गेला, पण त्याच्या अंगणात रुजलेले एक झाड आज देशाला सावली देण्याच्या कामी आले. उलट त्याच वर्षीच्या जुलैत, करारांचा प्रश्न न सुटल्यामुळे, इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम संयोजकांनी स्थगित केला. म्हणजे शिखरावरची लीगदेखील अशी डळमळती.

आता आपल्या नागपूरविषयी बोलून मी थांबणार आहे. येथे हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडून खेळणारी मुले पाहिली, आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ सुरू केली. तिच्यातून बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत मुले गेली. २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटाने ती हकिगत घरोघर पोहोचविली. आपण चित्रपट पाहिला, टाळ्या वाजविल्या, डोळे पुसले. पण एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या मुलांना चेंडू मिळाला, त्याआधी त्यांना एक शिक्षक मिळाला होता. रोज ठरल्या वेळी मैदानावर येणारा आणि उद्याही येणार याची खात्री असलेला.

डेरिक परेरांच्या आयुष्यातून मी आपल्यापुढे एवढेच ठेवतो. खेळाडू दहा-पंधरा वर्षांत संपतो, संघ मालकाबरोबर संपतो, पण प्रशिक्षकाजवळ साठलेले ज्ञान तीस-चाळीस वर्षे पुरते. साळगावकरच्या बचाव फळीत १९८८ साली जे शिकले गेले ते २००६ साली मुंबईच्या आणि २०१३ साली पुण्याच्या मुलांच्या कामी आले. ते ज्ञान सांभाळण्याला आपण कोठलीही व्यवस्था केलेली नाही. नवे क्रीडांगण बांधायचे ठरले की कोटींचे आकडे निघतात आणि कोनशिला बसते. पण त्या क्रीडांगणावर रोज उभे राहणाऱ्या माणसाला बारा महिन्यांचा पगार कोण देणार, हे कोणी विचारीत नाही. प्रत्येक शाळेत नाही तर निदान प्रत्येक वस्तीच्या मैदानावर एक शिकलेला, कायम नेमणुकीचा प्रशिक्षक असावा, अशी मागणी नागपूरकरांनी महानगरपालिकेकडे, शिक्षणसंस्थांकडे करावी. निवडणुकीच्या सभेत उमेदवाराला हा प्रश्न विचारावा. आणि आपल्या मुलाला वा मुलीला मैदानावर सोडायला जाल तेव्हा तिने गोल किती केले हे विचारून झाले की, मागे कोण उभे होते, हेही एकदा विचारावे.